स्पॉटलाइट: रंगमंचावरचा आणि मनातला

नमस्कार. एखाद्या जागेवर किंवा माणसावर एकवटलेला प्रकाशझोत म्हणजे स्पॉटलाइट, हे आपण सगळेच जाणतो. पण भोवती अंधार नसेल तर त्या झोताला काहीच किंमत उरत नाही, हे नाट्यगृहात बसल्यावरच नीट उमगते.

विजेच्या दिव्यांआधी हे काम चुनकळी करत असे. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा तुकडा तापवला की तो पांढराशुभ्र उजळतो. १८२० च्या दशकात थॉमस ड्रमंड या अभियंत्याने, दूरच्या डोंगरावरची खूण दिसावी म्हणून, आयर्लंडच्या भूमापनात हा प्रकाश वापरला आणि १८३७ मध्ये तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात पोहोचला. ज्योतीमुळे चुन्याला खळगा पडत असल्याने दिव्यापाशी एक माणूस तो तुकडा सतत फिरवत राही. इंग्रजीत ‘लाइम’ म्हणजे चुनाही आणि लिंबूही; ‘लाइमलाइट’ हा शब्द या चुन्यावरून आला. लिंबाचा त्यात काही दोष नाही.

आजच्या ‘प्रोफाइल स्पॉट’ नावाच्या रंगमंचीय दिव्यात भिंगे मागेपुढे सरकवून वर्तुळाची कडा धारदार करता येते आणि आतल्या पत्र्याच्या शटरनी झोत हवा तसा छाटता येतो. नटाला मात्र ‘लाइट घेणे’ शिकावे लागते: झोताचा सर्वांत प्रखर भाग नेमका चेहऱ्यावर यावा यासाठी, जुन्या हॅलोजन दिव्यांखाली तरी, अनुभवी नट गालांना जाणवणाऱ्या उष्णतेचा अंदाज घेत उभे राहतात, कारण त्या उजेडात समोरचे प्रेक्षागृह जवळजवळ दिसेनासे होते.

‘प्रसिद्धीच्या झोतात येणे’ हा लाक्षणिक अर्थ इथूनच येतो, आणि माझ्या मते त्यातली महत्त्वाची गोष्ट आपण विसरतो: झोत कुठे टाकायचा हे त्यात उभा असलेला माणूस ठरवत नाही.

मानसशास्त्राने हा शब्द आणखी पुढे नेला. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला, त्यांना लाजिरवाणा वाटणारा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असे त्या विद्यार्थ्यांना वाटले. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच चित्रातला गायक कोण ते सांगता आले. या भ्रमाला ‘स्पॉटलाइट इफेक्ट’ म्हणतात, आणि रंगमंचावरच्या झोतापेक्षा त्याचा मोठा फरक असा की हा दिवा आपणच आपल्यावर रोखलेला असतो.