परतीची हवा

[रिंग खातं, म्हणजे सूत कातण्याचं खातं. चात्यांची घरघर.]

विदर्भातली सूतगिरणी. इथे हजारो चात्या रात्रंदिवस फिरतात. मोटारींना दिलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते आणि ती याच खात्यात साठते. धाग्याला मात्र ओलसर हवा लागते. साधारण 50 ते 60 टक्के आर्द्रता असली की तो नीट चालतो, हवा कोरडी झाली की तुटायला लागतो.

म्हणून शेजारी ह्युमिडिफिकेशन प्लांट. मोठाले पंखे, पाण्याचे फवारे. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दही गिरण्यांच्याच हवेसाठी जन्मला. अमेरिकेत स्टुअर्ट क्रेमर यांनी तो 1906 साली वापरला.

[जमिनीतली जाळी.]

या जाळीतून खात्यातली हवा खाली ओढली जाते. ती बाहेर सोडायची, की गाळून परत आणायची?

डिसेंबरच्या पहाटे प्रश्नच नाही. बाहेर थंडी, कोरडी हवा. परतीचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, मोकळा ठेवायचा, ताज्या हवेचा कामगारांच्या श्वासापुरता. यंत्रांचीच ऊब खात्याला पुरते.

मे महिना मात्र चकवतो. बाहेर 42 अंश. वाटतं, आतलीच हवा फिरवावी. पण वेट बल्ब बघा, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर. बाहेर आर्द्रता 20 टक्के असेल तर तो 24 च्या आसपास येतो. आत 33 अंश आणि 55 टक्के असताना तोच 26 च्या जवळ. फवाऱ्यातून जाताना हवा जवळजवळ या आकड्यापर्यंत निवते. म्हणजे अशा दुपारी बाहेरची तापलेली हवाच जास्त गार होऊन आत येते! मग कमी हवेत भागतं. पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी उतरवला, तर त्याला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते.

[फिरतं ड्रम फिल्टर, त्यावर कापसाचा पांढरा थर.]

परतीच्या हवेत कापसाची धूळ असते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. सुट्टी संपवून कामावर येताच छाती आवळते. म्हणून वीज कितीही वाचो, न गाळलेली हवा खात्यात सोडता कामा नये. शिवाय फिल्टर चोंदला की पंख्यावरचा भार वाढतो. तो साफ ठेवण्यात फुप्फुसं वाचतात, वीजही वाचते.

[पाळी बदलते.]

प्लांटवरचा माणूस आधी बाहेरचा वेट बल्ब वाचतो, मग आतला. वहीत दोन्ही आकडे लिहितो. आणि डॅम्परच्या दांड्याला हात घालतो.