बाग वाचवणारी मुलं आणि युरोपचं दार

नमस्कार श्रोतेहो.

रशियन तरुणांशी युरोपने बोलत राहावं का, हा आजचा प्रश्न. रशियातली तरुण मंडळी गप्प बसली आहेत, असं आपण सहज म्हणून जातो. म्हणून उरलमधल्या येकातेरिनबुर्ग शहरात मे २०१९ मध्ये काय घडलं, ते आधी सांगते. नाट्यगृहाजवळच्या नदीकाठच्या बागेत चर्च बांधायचं ठरलं आणि तिथे कुंपण उभं राहिलं. लोक जमले, त्यांत तरुण मुलंमुली पुष्कळ. त्यांचं भांडण धर्माशी नव्हतं. आमची बाग आम्हाला न विचारता का घेता, एवढंच विचारणं होतं. धरपकड झाली, तरी माणसं येतच राहिली. शेवटी शहरात जनमत चाचणी घ्यावी लागली. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी ही जागा नको असं सांगितलं आणि बाग वाचली.

नागरिक म्हणून पुढे येणं आणखी वेगळं काय असतं?

पण ही वाट तेव्हाही अरुंद होत चालली होती. बाहेरून पैसा घेणाऱ्या संस्थांना ‘परकीय हस्तक’ ठरवणारा कायदा २०१२ साली आला. २०१५ पासून परदेशी संस्थांना ‘अनिष्ट’ जाहीर करता येऊ लागलं. अशा संस्थेच्या कामात भाग घेतला तर आधी दंड, आणि पुन्हा सापडलात तर चार वर्षांपर्यंत कैद. स्टालिनकाळातल्या बळींची नावं जपणारी ‘मेमोरियल’ ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद करायला लावली. पुढच्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर मोठा हल्ला झाला आणि मार्चमध्ये युरोप परिषदेने, म्हणजे मानवी हक्क जपणाऱ्या, युरोपीय संघाहून वेगळ्या अशा देशांच्या संघटनेने, रशियाला बाहेर काढलं. ते योग्यच होतं, असं माझं मत आहे. पण त्याची एक किंमत साध्या माणसांनी मोजली. १६ सप्टेंबर २०२२ नंतर आपल्या सरकारने केलेल्या अन्यायासाठी रशियन नागरिकाला या परिषदेच्या स्ट्रासबुर्गमधल्या मानवी हक्क न्यायालयात जाता येत नाही. याच परिषदेच्या युवा विभागात तरुणांचे प्रतिनिधी आणि सरकारी अधिकारी शेजारी बसून कार्यक्रम आणि पैसा ठरवतात. बाग वाचवणाऱ्या मुलांना ही पद्धत जवळून बघायला मिळायला हवी होती.

युक्रेनमधली मुलं विचारतात, आमच्यावर क्षेपणास्त्रं पडत असताना तुम्ही रशियन तरुणांशी कसला संवाद करता? हा प्रश्न टाळून कुणालाही पुढे जाता येणार नाही. त्यांना रशियनांसोबत एका टेबलाशी बसायचं नसेल, तर तो त्यांचा हक्क आहे. पण मॉस्कोच्या सत्तेशी तडजोड करणं आणि त्या सत्तेच्या धाकात जगणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियन नागरिकांना अनेक प्रवेशांचा, म्हणजे एकाच परवान्यावर पुन्हा पुन्हा येऊ देणारा, व्हिसा देणं जवळपास थांबवलं. स्वतंत्र पत्रकार, मानवी हक्क कार्यकर्ते यांच्यासाठी सवलत ठेवली आहे. पण एका बागेसाठी उभी राहिलेली विशीतली मुलगी यांपैकी कोणत्या रकान्यात बसते? तिच्याकडे ना संस्थेचं पत्र, ना छापून आलेलं नाव. नाव छापून येणं तर तिच्यासाठी धोक्याचंच. युरोपला खरंच बोलायचं असेल, तर व्हिसाच्या नियमांत अशा मुलांसाठी जागा करावी लागेल, आणि संवादासाठी भरवलेल्या कार्यशाळेला आलेल्यांची नावं आणि छायाचित्रं जाहीर करण्याची हौस सोडावी लागेल.