पाबळच्या माळावरचं गणित

नमस्कार, श्रोतेहो.

शेळी विकायची म्हटलं की आपण काय करतो? बाजाराच्या दिवशी पहाटे तिला टेम्पोत चढवतो आणि बाजारात दावं धरून उभे राहतो. मग व्यापारी येतो. पाठीवरून हात फिरवतो, कमरेपाशी चिमटा घेऊन बघतो आणि एक आकडा टाकतो. तो आकडा कुठून आला ते त्याचं त्यालाच ठाऊक! आपण पाचशे वाढवून मागतो, तो शंभर वाढवतो, आणि घरी येऊन आपण म्हणतो, बरा भाव आला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतला एक पोरगा शेळी घेऊन गेला. दहावीला गणितात दोनदा आपटलेला. मीही बाजारात होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. व्यापाऱ्याने आकडा टाकायच्या आत या पठ्ठ्याने खिशातून शिंप्याकडची टेप काढली. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती गुंडाळली. घेर भरला 28 इंच. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घेतली, ती 25. खाली बसून मातीतच काडीने मांडलं. 28 गुणिले 28, 784. त्याला 25 ने गुणलं, झाले 19,600. इंचांचे किलो करायला भागिले 660. आले 29 आणि वर थोडे.

"मामा, तीस किलोच्या आसपास आहे. एक-दोन किलो इकडेतिकडे धरा. आता किलोचा भाव बोला."

मामा आधी हसले. मग आकडा वाढवला. किती वाढवला ते सांगत नाही, पोराच्या आईने मला बजावून ठेवलंय.

श्रोतेहो, मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. हा पोरगा माझ्याच वर्गात होता. फळ्यावर मी 28 चा वर्ग विचारला असता तर तो खिडकीबाहेर बघत बसला असता. हे मी अंदाजाने बोलत नाही, तो बसलेला मी पाहिलाय.

हे गणित तो शिकला पाबळला. शिरूर तालुक्यात, मस्तानीची समाधी आहे तेच पाबळ. तिथल्या माळावर विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तो सुरू केला. कलबाग अमेरिकेतून पीएचडी करून आलेले शास्त्रज्ञ. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर होते. ते सगळं सोडून पाऊस कमी, पाणी कमी अशा या गावात राहायला आले. इथं जमलं तर कुठंही जमेल, असा त्यांचा हिशोब. 2003 मध्ये ते गेले. आश्रम चालू आहे.

मुलं तिथं वर्षभर राहून शिकतात. दहावी नापास झालेल्याला, शाळा मधेच सोडलेल्यालाही दार उघडं असतं. शेती आणि पशुपालन, वर्कशॉप आणि बांधकाम, वीज आणि पर्यावरण, घर आणि आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येकाने चारही करायचे. मला वेल्डिंगच करायचंय, शेण काढणार नाही, असं चालत नाही. आणि उलटही! शेळ्यांच्या गोठ्यात रमलेल्या मुलालाही बोर्डाची वायरिंग करावी लागते, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन तपासावं लागतं. आवारात त्रिकोण जोडून उभे केलेले घुमट दिसतात. असा घुमट उभारताना सगळ्या त्रिकोणांच्या बाजू एकसारख्या मापाच्या नसतात. कुठली पट्टी कुठं, हे चुकलं की शेवटचा बोल्ट बसत नाही. माझ्या वर्गात भूमितीची चूक मी दाखवल्याशिवाय कुणाला दिसायची नाही. इथं ती बोल्ट दाखवतो.

याच माळावर 2002 साली फॅब लॅब आली, संगणकावर काढलेलं चित्र यंत्राने कापून देणारी कार्यशाळा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर निघालेली ती पहिली. पुणं नाही, मुंबई नाही, पाबळ!

पण मला तिथली सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. पोरं सराव म्हणून लोखंड कापून भंगारात टाकत नाहीत. गावाला लागणारं काम करतात आणि त्याचे पैसे घेतात. कुणाचं गेट, कुणाची वायरिंग, कुणाची माती तपासणी. गिऱ्हाईक समोर उभं असलं की मापात चूक करून चालत नाही. आणि पैसे घ्यायचे म्हटलं की आधी खर्च काढावा लागतो. किती किलो लोखंड, किती रॉड जळले, किती तास लागले. टक्केवारीचं प्रकरण मी ज्यांना तीन आठवडे शिकवायचो, ती मुलं हे सगळं मांडून दाखवतात.

कुणी म्हणेल, हे नवीन खूळ. नाही हो. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते त्यात लिहिलंय. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. नुसतं पुस्तकातलं नको, तर मुलांना हाताने शिकता यावं म्हणून शाळेला जोडून एक छोटं नमुन्याचं शेत असावं, असंही त्यांनी सुचवलं. 1882 आणि 1983. वजाबाकी तुम्हीच करा.

आता थोडं कडू बोलतो. आपण पोराला अशा ठिकाणी पाठवतो कधी? सगळं हरल्यावर. पास झाला तर अकरावी, नापास झाला तर पाबळ. या पोराच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "गुरुजी, तिथं गेला तर उद्या पोरगी कोण देणार?" मला उत्तर सुचलं नाही, कारण प्रश्न खोटा नव्हता. आणि मुलींचं तर विचारूच नका. ज्या घरातली मुलगी रोज गोठा झाडते, त्याच घराला ती गोठ्याचा धंदा शिकायला वर्षभर बाहेर राहिलेली चालत नाही. आणखी एक, शिकून आलेली सगळी पोरं काही शेती करत नाहीत. कुणी वेल्डिंगचं दुकान टाकतं, कुणी वायरमन होतं. मला त्यात काही वाईट दिसत नाही. दोन एकर कोरडवाहूवर चार भाऊ बसवण्यापेक्षा एकाने दुकान टाकलेलं बरं.

आमच्या पोराने दोन्ही धरलंय. दारात सहा शेळ्या, आणि सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पिशवी. परवा माझ्या घरचा बोर्ड जळला. बोलावलं, आला, तासाभरात काम केलं. मी म्हटलं, बस, चहा घे. चहा घेतला. मग वहीतून पान फाडून बिल लिहिलं. मजुरी 150 रुपये, वायर गुरुजींची.

"अरे, माझ्याकडून पण?"

"तिथं तसंच शिकवलंय, गुरुजी. काम केलं की बिल."

बिल वाचलं. 'दुरुस्ती'चा पहिलाच उकार दीर्घ काढला होता. सवयीने लाल पेनाकडे हात गेला. मग पेन राहू दिलं आणि पाकीट काढलं.

नमस्कार.