वहीतली सिस्टर, वॉर्डातली सिस्टर

[दृश्य : सकाळचे पावणेआठ. मेडिकल वॉर्ड. काउंटरवर उघडं रिपोर्ट बुक.]

रात्रपाळी सुटायला पंधरा मिनिटं आहेत. तीस खाटांचा वॉर्ड आणि रात्रीला दोनच सिस्टर. त्यातल्या एकीची नोंदणी होऊन जेमतेम चार महिने झालेत. ती ओव्हर देतेय, म्हणजे रात्रीचा हाल सकाळच्या पाळीला सांगतेय : १४ नंबरचं युरिन आउटपुट कमी, १९ नंबरचा कॅन्युला (शिरेतली नळी) पहाटे बदलला, २२ नंबरचं ब्लड अजून लॅबला जायचंय.

ही मुलगी या पेशात किती वर्षं राहील, ते नोंदणीच्या वहीवरून कळत नाही.

जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेची तीन वर्षं किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं झाली, की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवायचं. मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मधल्या काळात ती वॉर्डात असो, मेडिक्लेमच्या डेस्कवर असो, दुबईत असो किंवा घरी असो, वहीत नाव आहे तसंच राहतं. २०१८ साली देशभरच्या परिषदांकडे परिचारिका आणि प्रसविका मिळून सुमारे २३ लाख ४० हजार नावं होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकडेवारीवरून प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा अंदाज निघाला सुमारे १४ लाखांचा.

ब्रिटनमध्ये नोंदणी टिकवायला दर तीन वर्षांनी निदान ४५० तास काम केल्याचं दाखवावं लागतं. त्यामुळे तिथं वहीतून नाव गळलं, तर त्याला काही अर्थ असतो.

[दृश्य : मेट्रनचं ऑफिस. भिंतीवर ड्युटी लिस्ट.]

किती सिस्टर सोडून गेल्या, हे रुग्णालयं मोजतात, पण बहुतेक ठिकाणी चुकीचं मोजतात. समजा, २०० सिस्टर आहेत आणि वर्षात ४० जणी सोडून गेल्या. कागदावर गळती २० टक्के, म्हणजे पाचातली एक. पण जुन्या १६० जणी जागच्या हलल्या नाहीत आणि गेलेल्या चाळीसही त्याच वर्षी लागलेल्या नव्या मुली असतील, तर नव्यांची गळती शंभर टक्के आहे. सरासरीत ती दिसतच नाही. म्हणून एका जूनला लागलेली बॅच वेगळी धरायची आणि तीन, सहा, बारा, चोवीस महिन्यांनी तीच नावं पुन्हा तपासायची.

शिवाय ‘गेली’ म्हणजे नेमकं काय, हेही लिहायला हवं. जी दुसऱ्या रुग्णालयात लागली, ती पेशात आहेच. जी कॉलेजात ट्यूटर झाली, ती वॉर्डातून गेली, पण पेशातून गेली नाही. या सगळ्यांना एकाच रकान्यात टाकलं, की उपाय चुकतो.

[दृश्य : रात्रीचे दहा. इंजेक्शनचा ट्रे.]

गळतीची सुरुवात इथं होते. दहाचा डोस. १ ग्रॅम सेफ्ट्रायक्सोन हे अँटिबायोटिक १० मिली पाण्यात विरघळवायचं, कॅन्युला चालू आहे का ते बघायचं, इंजेक्शन दोन ते चार मिनिटं सावकाश द्यायचं, फ्लश करायचं, चार्टवर सही करायची. एका पेशंटला सात मिनिटं धरा. एकीच्या वाट्याला पंधरा पेशंट, म्हणजे १०५ मिनिटं. दहाचा डोस पावणेबाराला संपतो, तोही मध्ये कुणाला धाप लागली नाही, कुणाचं सलाइन संपलं नाही तर. जुनी सिस्टर आधी कुणाकडे जायचं ते नजरेनं ओळखते. नवी मुलगी क्रमानं जाते, मागे पडते आणि सकाळी बोलणी खाते. तिला काम येत नाही असं नाही. तिच्यावर पेशंटच जास्त टाकलेत.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक सिस्टर हवी. हे प्रमाण दर पाळीला धरलं, तर तीस खाटांना एका पाळीत सहा, तीन पाळ्यांना अठरा आणि रजेसाठी तीस टक्के जादा, म्हणजे चोवीस. आपल्या या वॉर्डात रात्री दोघी आहेत.

पगाराचंही तसंच. सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयांसाठी किमान २०,००० रुपये सुचवले होते. आजही अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये त्याहून कमी मिळतात. काही ठिकाणी तर मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात. बाँडनं, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारानं मुली थांबतात हे खरं, पण तो संपला की एकदमच जातात. आखातातल्या बऱ्याच जाहिराती दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणून दुसऱ्या वर्षाअखेर आणखी एक लाट जाते.

[दृश्य : दोन सिस्टर एका खाटेपाशी.]

टिकवायचं असेल, तर पहिले सहा आठवडे नव्या मुलीला एकटीनं रात्रपाळी देऊ नये. एक जुनी सिस्टर ठरवून द्यावी, दोघींची पाळी एकच ठेवावी आणि त्या जुन्या सिस्टरचे पेशंट कमी करावेत. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी होत नाही. मग शिकवणं ही जुनीची जास्तीची हमाली होते आणि नवी मुलगी पुन्हा एकटी पडते.

[दृश्य : राजीनाम्याचा अर्ज.]

आणि सोडून जाणारीला कारण कधी विचारायचं? राजीनाम्यावर जवळपास सगळ्याच ‘घरगुती अडचण’ लिहितात, कारण अनुभवाचा दाखला अजून मिळायचा असतो. दाखला, थकलेला पगार आणि मूळ कागद हातात पडून तीन महिने झाले, की फोन करायचा. फोन तिच्या वॉर्डच्या इन्चार्जनं करू नये, दुसऱ्या कुणी तरी करावा. तेव्हा रात्रपाळ्या किती लागल्या, सुट्टी कितीदा रद्द झाली, पेशंटसमोर कोण ओरडलं, हे ती सांगते.