चाक किती उरलंय?

(इंदूरच्या रामबागेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मघाशी जिना चढताना एका काकूंनी मला गाठलं. "अहो, आपली मेट्रो कुठल्या मेकची?" म्हटलं, सावलीची. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. सावली हे बडोद्याजवळचं गाव, आपल्या गाड्या तिथल्या कारखान्यात बांधल्या जातात. कारखाना आधी बॉम्बार्डियरचा होता, आता अल्स्टॉमचा आहे. गाडीच्या घराण्याचं नाव मोव्हिया. भोपाळ आणि इंदूर मिळून १५६ डब्यांची ऑर्डर, म्हणजे तीन-तीन डब्यांच्या ५२ गाड्या, त्यातल्या २५ आपल्या. काकूंचं समाधान झालं. माझं नाही. कारण डेपोत जन्म काढलेला माणूस मेक विचारत नाही. तो विचारतो, चाक किती उरलंय?

पण आधी गाडी इंदुरात येऊ दे. ऑगस्ट २०२३ संपता संपता पहिले तीन डबे आले ते ट्रेलरवर बसून, रस्त्याने. रेल्वेने का नाही? इंदूरकरांना गेज समजावून सांगायला नको. महूची मीटर गेज आपण पाहिलीय, दोन रुळांमध्ये एक मीटर. मग ब्रॉडगेज आली, १६७६ मिलिमीटर. आता मेट्रोचं स्टँडर्ड गेज, १४३५. तिसरंच माप, त्यामुळे ही गाडी देशाच्या रुळांवर उभीसुद्धा राहू शकत नाही. कोलकात्याची १९८४ ची मेट्रो ब्रॉडगेज होती, डबे पेरांबूरचे. दिल्लीच्या सुरुवातीच्या लाइनीही ब्रॉडगेज, तरी तिथली पहिली मोव्हिया २००९ साली जर्मनीहून अँटोनोव्ह विमानाच्या पोटात बसून आली! आणि आपल्याकडे? दुसऱ्या तुकोजीरावांनी होळकर स्टेट रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्क्यांनी. त्या रेल्वेचं इंजिन हत्तींनी ओढत शहरात आणलं, असं जुनी माणसं सांगतात. तेव्हा गाडीने दुसऱ्याच्या पाठीवर बसून इंदुरात येणं, यात आपल्याला नवल कसलं.

रस्त्याने डबा आणताना लोकांचा जीव काचांसाठी वरखाली होतो. माझा बेअरिंगसाठी. चाक फिरत असतं तेव्हा बेअरिंगमधले रोलर ग्रीस पसरवत राहतात. ट्रेलरवर चाक बांधलेलं, रस्त्याचे हादरे मात्र सतत. रोलर एकाच जागी ठकठक करत राहतात, मधलं ग्रीस बाजूला सरतं आणि कड्यावर बारीक घळ्या पडतात. न फिरता झिजण्याचा हा प्रकार. म्हणून डबा उतरवल्यावर तो चकचकीत दिसतो म्हणून खूश व्हायचं नसतं. आधी वाकून खाली जायचं.

खाली गेलं की चाक. हे बघा, मी खिशातून आणलंय. हातोहात फिरवू नका, धार आहे. हा चाकाचा कीस. निळसर झाक दिसते ना, ती कापताना तापल्याची. डेपोत रुळांच्या खाली खड्ड्यात एक लेथ बसवलेलं असतं. चाक सोडवायचं नाही, डबा उचलायचा नाही. गाडी वर उभी, खालून रोलर चाकाला हलकेच उचलून फिरवतात आणि हत्यार त्याची साल काढतं. ऍक्सलची, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची, दोन्ही चाकं एकदम.

साल का काढायची? मृगाची पहिली सर आली की रुळावरच्या धुळीचा चिकट लेप होतो. ब्रेक लागला की चाक फिरायचं थांबतं, गाडी थांबत नाही. चाक घसरत जातं आणि एका जागी चपटं होतं. हे टाळायला गाडीत यंत्रणा असते, तरी कधीतरी होतंच. चार सेंटिमीटर लांबीचा चपटा भाग जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतो. पण कानाला लपत नाही. नव्या चाकाचा घेर २ मीटर ७० सेंटिमीटर, ताशी ३६ किलोमीटरला सेकंदाला साधारण पावणेचार ठोके. मी अजूनही मेट्रोत बसलो की मोजतो. बायको म्हणते, निवृत्त झालात ना?

चपटेपणा स्वस्तात जातो. महाग पडते ती चाकाची कड, जी त्याला रुळावर धरून ठेवते. वळणावर ती झिजून बारीक होते आणि तिच्यावर मांस चढवता येत नाही. मग कड पुन्हा जाड व्हावी म्हणून अख्खं चाकच लहान करायचं. शिवाय एक चाक उतरवलं की त्याच बोगीतल्या (बोगी म्हणजे आमच्या भाषेत अख्खा डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा) शेजाऱ्यांनाही त्याच्या बरोबरीला आणावं लागतं. नवं चाक ८६० मिलिमीटर व्यासाचं, ७८० ला बाद. एवढीच ऐंशी मिलिमीटरची शिदोरी, आणि ती पुरवून पुरवून खायची.

चाक लहान झालं की नुसतं चाक लहान होत नाही. शेवटापर्यंत डब्याची जमीन चार सेंटिमीटर खाली आलेली असते, फलाट मात्र तिथेच. काकू अडखळणार, व्हीलचेअर अडणार. म्हणून मध्ये मध्ये पट्ट्या घालून डबा पुन्हा उंच करतात. आपली गाडी वरच्या तारेवर चालत नाही, शेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट घेते. रुळाला टेकून वीज घेणारा तुकडा, आमच्या भाषेत बूट, बोगीला लटकलेला, तोही खाली येतो, त्याची उंची पुन्हा लावायची. आणि संगणकाला सांगायचं. तो चाकाच्या फेऱ्या मोजून वेग काढतो, व्यास चुकीचा असला तर वेगही चुकीचा.

मी ज्या डेपोत होतो तिथली गोष्ट. एक गाडी स्टेशनातून निघून जोर धरायला लागली की तिचा एक डबा खांदा टाकायचा, बैलाने टाकावा तसा. धक्के बसायचे. दोन रात्री आम्ही मोटर तपासली, केबल तपासल्या, कंट्रोलरचं कार्ड बदललं. तिसऱ्या रात्री एका पोराने लेथची वही उघडली. चाक ८२५ चं, संगणकात ८५२. कुणीतरी आकडे उलटे टंकले होते. संगणकाला वाटे, हे चाक बाकीच्यांपेक्षा तीन टक्के जोरात पळतंय, म्हणजे घसरतंय, म्हणजे जोर काढून घ्या. बिचारा आपलं काम चोख करत होता. कार्डाचे पैसे वाया गेले ते कुणाच्या खात्यात घातले, ते विचारू नका.

हे सगळं रात्रीच का, असं कुणी तरी विचारणारच. दिवसा गाडी तुमच्याकडे असते. शेवटची फेरी आटोपून ती डेपोत शिरते, अंघोळ करते आणि तपासणीच्या शेडमध्ये जाते. तिथे तिसरा रूळ नसतो, माणसं खड्ड्यात उतरणार म्हणून. मग गाडी हलवायची कशी? छतावरून लोंबणारी जाड केबल तिला जोडतात, जसा घरी मिक्सरला प्लग, आणि ती रांगत पुढे सरकते. पाळी सोपवताना हजेरी माणसांची नव्हे, केबलची घ्यायची, असा माझा हट्ट असे. जोडलेली विसरली तर काय होईल, ते इथे लहान मुलं बसली आहेत म्हणून सांगत नाही.

आणि एक दिवस चाक ७८० ला येतं. ऍक्सल काढून प्रेसवर नेतात. चाक त्यावर दाबून बसवलेलं असतं, काढायचंही दाबूनच. बराच वेळ काही होत नाही, नुसता दाबाचा काटा चढत राहतो, आणि मग एकदम बार उडाल्यासारखा आवाज होतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकून मागे सरलो होतो. मिस्त्री हसला, ऍक्सलवर खडूने नंबर लिहिला आणि म्हणाला, साहेब, नवं चाक आणायला सांगा.