फिकट हिरवा, गडद हिरवा

[दृश्य : गार्झवाइलर, पश्चिम जर्मनी. खाणीच्या कडेवरून. काही क्षण फक्त यंत्राचा आवाज.]

हे चाक आधी नीट बघून घ्या.

चाकानं खाण खोदणाऱ्या सर्वांत मोठ्या यंत्रांपैकी एक म्हणजे बॅगर २८८. उंची सुमारे ९६ मीटर, वजन साडेतेरा हजार टन. त्याच्या पायाशी माणूस उभा असेल तर शोधावा लागतो. चाकावरच्या बादल्या जमीन खरवडत जातात आणि खालून निघतो लिग्नाइट, म्हणजे ओलसर, तपकिरी, धुराला भारी असा कोळसा. या खड्ड्याच्या जागी पूर्वी गावं होती. लुट्झेरात त्यांपैकी शेवटचं गाजलेलं. जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी आंदोलकांना इथल्या चिखलातून उचलून नेलं.

[कॅमेरा सावकाश डावीकडे वळतो. क्षितिजावर पवनचक्क्या.]

आणि हे त्याच चौकटीत. ही खाण चालवणारी आरडब्ल्यूई कंपनी पवनऊर्जेतही युरोपातलं मोठं नाव आहे. शेअर मात्र एकच. पवनचक्कीचा वेगळा घेतो, खाणीचा नको, असं शेअर बाजारात सांगता येत नाही.

मग हा शेअर ज्या फंडात असेल, त्या फंडाला हिरवा म्हणायचं का? दर महिन्याला पन्नास-शंभर युरो बाजूला टाकणारी माणसं हा प्रश्न विचारत नाहीत. ती फंडाचं नाव वाचतात आणि सही करतात. नाव कोणी ठेवलं, कशावरून ठेवलं, हे त्यांच्या वतीनं कोणीतरी बघितलं असेल असं धरून चालतात.

[दृश्य : ब्रसेल्स. शूमान चौक, बेर्लेमाँ इमारत. निळे झेंडे.]

बघायचं काम या इमारतीचं होतं. युरोपीय संघाचा कारभार पाहणारा युरोपीय आयोग इथे बसतो.

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस करार झाला. तापमान रोखायचं तर पैसा कुठे वाहतो तेही बदलायला हवं, असं त्या करारातच लिहिलं आहे. सरकारी तिजोऱ्यांनी भागणार नव्हतं, लोकांची बचत लागणार होती. मार्च २०१८ मध्ये युरोपीय आयोगानं कृती आराखडा मांडला, मे महिन्यात कायद्याचा मसुदा आला, नोव्हेंबर २०१९ मध्ये कायदा मंजूर झाला आणि १० मार्च २०२१ पासून लागू. नाव लांबलचक आहे, पण सगळे त्याला आद्याक्षरांनीच ओळखतात : एसएफडीआर. शाश्वत गुंतवणुकीविषयी काय उघड करायचं, याचे नियम.

‘उघड करायचं’ हे शब्द लक्षात ठेवा. अमुक शेअर घेऊ नका, असं हा कायदा कुठेच म्हणत नाही. घ्या, पण सांगा, एवढंच म्हणतो.

[दृश्य : कायद्याचं छापील पान. बोट कलमांवरून खाली सरकतं.]

सांगायचं कसं, याच्या तीन वाटा. कलम ६ मध्ये साधे फंड. कलम ८ मध्ये पर्यावरणीय किंवा सामाजिक वैशिष्ट्यांचा पुरस्कार करणारे. कलम ९ मध्ये शाश्वत गुंतवणूक हेच ज्यांचं उद्दिष्ट आहे असे. बाजारानं त्यांची नावं पाडली : आठ म्हणजे फिकट हिरवा, नऊ म्हणजे गडद हिरवा.

कलम ८ मधलं क्रियापद आहे ‘पुरस्कार करणे’. किती पुरस्कार? पैशातला किती हिस्सा? कोळसा चालेल का? कलम गप्प. कंपन्यांचा कारभार चांगला हवा, एवढी एक अट. तेव्हा आत्ता जी खाण पाहिली, तिच्या मालकाचा शेअर कलम ८ च्या फंडात ठेवायला या कायद्याची आडकाठी नव्हती.

आता आपल्याकडचं उदाहरण. सोन्यावर हॉलमार्क असतो, तेव्हा कोणीतरी सोनं तपासलेलं असतं. इथे तपासणी नव्हतीच, सोनारानं स्वतःच भरलेला फॉर्म होता. पण ‘कलम ९’ हे शब्द माहितीपत्रकांवर झळकले ते हॉलमार्कच्या थाटात. आयोग सांगत राहिला, ही कलमं म्हणजे शिक्के नव्हेत. विक्रेत्यांना ते ऐकू आलं नाही, असं म्हणू या.

[दृश्य : टेबलावर कागद. एकेक पान उलटलं जातं. अगदी जवळून : रिकामे चौकोन, पानाचं हिरवं चिन्ह, गोलाकार आलेख.]

हा तो फॉर्म. १ जानेवारी २०२३ पासून कलम ८ आणि ९ च्या सगळ्या फंडांना सक्तीचा. कुठला शब्द कुठे, कुठला प्रश्न कितवा, सगळं युरोपभर एकच.

पहिलाच प्रश्न : या उत्पादनाचं उद्दिष्ट शाश्वत गुंतवणूक आहे का? हो की नाही. हो म्हटलं की आणखी चौकोन, नाही म्हटलं की वेगळे चौकोन. त्यात आणखी एक मेख आहे. ‘नाही’च्या बाजूला खूण करूनही फंड म्हणू शकतो, उद्दिष्ट नाही, पण किमान इतके टक्के शाश्वत गुंतवणूक ठेवू. मग ‘शाश्वत गुंतवणूक’ म्हणजे काय? कायद्यात व्याख्या आहे : चांगल्या उद्दिष्टाला हातभार लागावा, दुसऱ्या कशाचं लक्षणीय नुकसान होऊ नये, आणि कारभार नीट असावा. पण मोजायचं कसं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. एका फंड घराण्याच्या मापानं कंपनीतला एक तृतीयांश धंदा हिरवा असला की अख्खी कंपनी हिरवी, दुसऱ्याच्या मापानं फक्त तेवढाच तृतीयांश. दोन्ही फंडांच्या कागदावर टक्के छापलेले. शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला गेलात तर शेर आणि किलोची तुलना.

आणि हा आलेख पाहा. टॅक्सॉनॉमी, म्हणजे कुठला उद्योग खरोखर हिरवा याची युरोपची अधिकृत यादी, त्या यादीत बसणारा हिस्सा इथे दाखवायचा. बऱ्याच फंडांनी इथे प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. या यादीतही २०२२ मध्ये अटींसह नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जा आली. ६ जुलैला युरोपीय संसदेत मतदान झालं. आक्षेपाच्या बाजूनं २७८, विरोधात ३२८. आक्षेप फेटाळला गेला आणि या फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न वाढला.

[दृश्य : फ्रँकफर्ट. ताउनुसआन्लागे. डॉइचे बँकेचे जुळे मनोरे, काचेत ढग.]

या दोन मनोऱ्यांना गावकरी ‘नावे’ आणि ‘जमा’ म्हणतात. हिशेबाच्या वहीतल्या दोन बाजू. इथून जवळच डीडब्ल्यूएसचं मुख्यालय आहे. डॉइचे बँकेच्या छत्राखालची, जर्मनीतल्या घराघरांत माहीत असलेली फंड कंपनी.

मार्च २०२१. कायदा लागू होण्याचाच महिना. कंपनीच्या २०२० च्या वार्षिक अहवालात ४५९ अब्ज युरोंची गुंतवणूक पर्यावरण, समाज आणि कारभार हे निकष, म्हणजे ईएसजी, धरून होते असं सांगितलं गेलं. त्याच महिन्यात कंपनीच्या शाश्वतता विभागाच्या प्रमुख डेझिरे फिक्सलर यांना कामावरून काढलं. त्या गप्प बसल्या नाहीत. कंपनी हिरवेपणाचे दावे फुगवून सांगते, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्टमध्ये प्रकरण वर्तमानपत्रात आलं, मग अमेरिकी आणि जर्मन यंत्रणांच्या टेबलावर. पुढच्या वर्षीच्या अहवालात निकष बदलले आणि आकडा झाला ११५ अब्ज.

[दृश्य : इमारतीचं प्रवेशद्वार. फिरता दरवाजा. हे चित्रण नंतरचं आहे.]

३१ मे २०२२. सकाळी सरकारी वकील आणि पोलीस, मिळून पन्नासच्या आसपास माणसं, आत शिरली. खून नाही, दरोडा नाही. माहितीपत्रकातल्या विशेषणांची चौकशी. दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकारी असोका व्योरमान पायउतार होत असल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकानं याच दाव्यांवरून १ कोटी ९० लाख डॉलर दंड केला. एप्रिल २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या सरकारी वकिलांनी अडीच कोटी युरो. शाश्वतता आमच्या डीएनएचा अविभाज्य भाग आहे, असं कंपनी म्हणत होती. वस्तुस्थितीशी ते जुळत नव्हतं, असं वकिलांचं म्हणणं. कंपनीनं दंड मान्य केला.

दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. फंडधारकांचं काय झालं? त्यांचे युनिट त्यांच्याकडेच राहिले.

[दृश्य : लक्झेंबर्ग. लाल पूल, खाली दरी, वर किर्शबर्गच्या काचेच्या इमारती. संध्याकाळ. एकेक मजल्यावर दिवे लागतात.]

हा देश आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याहून लहान. पण फंडांचा सगळ्यात मोठा युरोपीय पत्ता हाच. जगात अमेरिकेखालोखाल. फंड कुठे विकायचा ते वेगळं, त्याचा जन्मदाखला बहुधा इथला.

२०२२ च्या शेवटच्या तीन महिन्यांत इथल्या दिव्यांना उशिरापर्यंत विश्रांती नव्हती. कलम ९ च्या फंडात जवळपास सगळीच गुंतवणूक शाश्वत हवी, असा अर्थ तोवर स्पष्ट झाला होता आणि जानेवारीत तो नवा फॉर्म यायचा होता. मग गडद हिरव्याचे फिकट हिरवे व्हायला लागले. फंडांची आकडेवारी ठेवणाऱ्या मॉर्निंगस्टारच्या मोजणीनुसार त्या एका तिमाहीत ३०७ फंड, १७५ अब्ज युरो. या वर्गातल्या एकूण पैशाच्या सुमारे चाळीस टक्के.

ज्यानं सप्टेंबरमध्ये गडद हिरवा म्हणून घेतला, त्याच्याकडे जानेवारीत फिकट हिरवा होता. शेअर बहुतेक तेच.

याच्या पुढचा अंक आणखी गमतीचा. एप्रिल २०२३ मध्ये आयोगानं खुलासा केला, की शाश्वत गुंतवणूक कशी मोजायची हे फंड घराण्यांनीच ठरवायचं आहे, आणि ठरावीक हवामान निर्देशांकांमागे चालणारे फंड कलम ९ मध्ये बसतात. घर आवरून गाव सोडल्यावर तलाठ्यानं सांगावं, अहो, तुमचं नाव यादीत होतं की!

[दृश्य : एका बँकेची शाखा, रस्त्याच्या पलीकडून. आत कॅमेऱ्याला परवानगी मिळाली नाही.]

२ ऑगस्ट २०२२ पासून सल्लागारानं ग्राहकाला विचारायचं आहे : तुम्हाला शाश्वत गुंतवणूक हवी का? हो म्हणालात, की पुढे टॅक्सॉनॉमीप्रमाणे किमान किती टक्के, एसएफडीआरप्रमाणे किती टक्के, की प्रतिकूल परिणामांचे निर्देशक विचारात घ्यायचे. पगार जमा झाला का ते बघायला आलेल्या माणसाला. काचेआडचं संभाषण आम्हाला ऐकता आलं नाही. ते आतल्यांनाही किती कळत असेल, कोण जाणे.

[दृश्य : पडद्यावर फंडांची यादी. नावांतले शब्द ठळक होत जातात : ग्रीन, क्लायमेट, सस्टेनेबल, ईएसजी.]

म्हणून पुन्हा नावाकडे. सामान्य माणूस जे एकच वाचतो, त्याच्याकडे.

पॅरिसला युरोपच्या बाजार नियामकाचं कार्यालय आहे. एस्मा म्हणतात त्याला. त्यांच्या अभ्यासात, असे शब्द नावात असलेले फंड २०१३ मध्ये तीन टक्क्यांहून कमी होते. २०२२ मध्ये चौदा टक्के. हा शब्द विकला जातो, हे बाजाराला आपल्या आधी कळलं होतं.

मे २०२४ मध्ये एस्मानं नियम काढला. नावात असा शब्द हवा असेल, तर किमान ८० टक्के गुंतवणूक त्या शब्दाला जागणारी पाहिजे. आणि पर्यावरण किंवा शाश्वत म्हणायचं असेल, तर काही कंपन्या वर्ज्य. दगडी कोळसा किंवा लिग्नाइटमधून एक टक्का किंवा अधिक उत्पन्न असलेली कंपनी बाद. तेलातून दहा टक्के, वायूतून पन्नास टक्के असेल तरी बाद. तंबाखू बाद. नवीन फंडांना २१ नोव्हेंबर २०२४ पासून, जुन्यांना २१ मे २०२५ पर्यंत मुदत.

[क्षणभर गार्झवाइलर. चाक.]

लिग्नाइटचं तर हे समोरच दिसतंय.

सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ‘सांगा’ ऐवजी ‘नको’ म्हटलं. तेही कायद्यानं नव्हे, एका मार्गदर्शिकेनं. पळवाट त्यातही आहे : नावात ‘ट्रान्झिशन’, म्हणजे स्थित्यंतर, असा शब्द असेल, तर कोळशाची बंदी लागू होत नाही. ८० टक्क्यांचं मापही शेवटी फंडाचंच. तरीही शेकडो फंडांनी मुदतीच्या आत नावं बदलली. काहींनी शेअर विकले. काहींनी फक्त शब्द विकला. ‘सस्टेनेबल’ गेलं, ‘सिलेक्ट’ आलं. ‘ईएसजी’ गेलं, ‘स्क्रीन्ड’ आलं.

आपल्याकडे सेबीनं २०२३ मध्ये अशा योजनांचे सहा प्रकार पाडले आणि प्रकाराचं नाव योजनेच्या नावातच घालायला लावलं. नावं त्यामुळे आगगाडीएवढी झाली आहेत, पण निदान डबे मोजता येतात.

[दृश्य : ब्रसेल्स, पत्रकार कक्ष. रिकाम्या खुर्च्या, माइक.]

२० नोव्हेंबर २०२५ ला आयोगानं एसएफडीआरची दुरुस्ती मांडली. आठ-नऊचे जुने अर्थ जाणार, तीन खरे वर्ग येणार : शाश्वत, स्थित्यंतर आणि ईएसजी बेसिक्स. प्रत्येकात किमान ७० टक्के गुंतवणूक वर्गाला धरून, प्रत्येकाला वर्ज्य कंपन्यांची यादी, आणि वर्गात नसलेल्यानं नावात तो शब्द वापरायचा नाही. ‘शाश्वत गुंतवणुकी’ची ती जुनी व्याख्या रद्द. संसद आणि सदस्य देशांची परिषद, हे दोन उंबरठे त्यापुढे आहेत. ८० चे ७० कसे झाले, हे विचारायला या खुर्च्यांवर आम्ही पोचलो तोवर कोणी नव्हतं.

[दृश्य : फ्रँकफर्टचा एक रहिवासी रस्ता, सकाळ. पिवळी हातगाडी ढकलत पोस्टमन. दारातल्या टपालपेट्या. एक लिफाफा आत सरकतो.]

फंडाचं नाव बदललं की धारकाला कळवावं लागतं. असं पत्र बहुधा एका पानाचं असतं. वर फंडाचं जुनं नाव, खाली नवं. मध्ये एक शब्द कमी. शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं : आपल्याला काही करण्याची आवश्यकता नाही.

[टपालपेटीचं झाकण बंद होतं. पोस्टमन पुढच्या दाराकडे.]