गणपतीचे कपडे आणि मुलांची खावटी

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या कोर्टात वकिली करते मी. दरवर्षी गणपती विसर्जन झाले, चाकरमानी परतले, की चार-आठ दिवसांत माझ्याकडे बायका येऊ लागतात. ती माहेरी मालवणात, नवरा मुंबईला. दोघांचं पटत नाही, वेगळे राहतात. सणाला तो आला, मुलांना कपडे आणले, बूट आणले, गेला. शाळेचे पैसे मात्र जूनपासून थकलेले.

अशाच एकीसोबत तिची आई आली होती. ती मला म्हणाली, "बाई, गणपतीक कपडे हाडता ना तो, मगे कोर्टाची पायरी कित्याक चढाची?"

त्या माउलीला मी सांगितलं, कपडे आणले ही बापाची माया, तिला नावं ठेवू नका. पण पोराला रोज दोन वेळ जेवायला लागतं. वह्या लागतात, ताप आला तर औषध लागतं. त्यासाठी दर महिन्याला द्यायचा पैसा म्हणजे खावटी. ती मुलाच्या हक्काची असते. म्हणून आईने रागाच्या भरात "मला काही नको" असं कागदावर लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क बुडत नाही.

खावटीच्या केसला कोर्टात अजून सगळे 'एकशे पंचवीसची केस' म्हणतात, कारण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खावटीचं कलम 125 होतं. 1 जुलै 2024 पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं, आशय तोच राहिला. कोणत्याही धर्माचं मूल असो, आईबापांचं लग्न झालेलं असो वा नसो, अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाला खावटी मिळते. घटस्फोटानंतरही मुसलमान मुलांचा हा हक्क कायम राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच स्पष्ट केलं. रत्नागिरीकडच्या आयाबहिणींनी हे मुद्दाम ऐकावं, कारण "आमच्यात हे चालत नाही" असं सांगून त्यांना परत पाठवल्याचं मी पाहिलंय. मूल अठरा वर्षांचं झालं तरी अपंगत्वामुळे किंवा मानसिक आजारामुळे स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर त्यालाही हे कलम लागू आहे.

आणि अर्जासाठी मुंबईची वारी करावी लागत नाही. तुम्ही आज जिथे राहता, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. नोटीस मुंबईला जाते, तारखेला त्याने इथे यायचं. केवळ हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी वर्षानुवर्षं गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. निकाल लागेपर्यंत मुलाचं चालावं म्हणून अंतरिम खावटी मागता येते. नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्या अर्जाचा निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो.

आता उत्पन्नाचं. इथे आपल्या कोकणाची वेगळी अडचण आहे. नोकरदाराची पगाराची पावती असते. पण खलाशी म्हणतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, मी देऊ कुठून? बागायतदार म्हणतो, यंदा आंबा आलाच नाही. यात कधी कधी तथ्य असतं, मी नाकारत नाही. पण पोराची भूक हंगाम बघून लागत नाही. म्हणून वर्षाची कमाई बाराने भागून कोर्टापुढे मांडावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून नवरा-बायको दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज शपथपत्रावर सांगायचं असतं. तेव्हा सातबारा, बोटीची कागदपत्रं, पासबुक, हाताला लागेल ते जमवा. धडधाकट माणसाला "काम नाही" म्हणून सुटता येत नाही. त्याच निकालाप्रमाणे खावटी अर्ज केल्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज लांबवू नका.

आई काजूच्या कारखान्यात जाते म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने ती दोघांवरही टाकली आहे, वाटा ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे.

बापांनाही दोन शब्द. नोकरी गेली, आजारपण आलं, तर गुपचूप देणं थांबवू नका. रक्कम कमी करून मिळण्यासाठी अर्ज करा, तशी सोय आहे. न देता बसलात तर वसुलीचं वॉरंट निघतं, आणि थकलेल्या दर महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आलात तरी थकबाकी फिटत नाही. आणि आयांनो, थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. तारखा वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पैसे दिले नाहीत म्हणून पोराला बापाला भेटू न देणं, आणि भेटू दिलं नाही म्हणून पैसे अडवणं, दोन्हीत सोसतं ते पोरच. भेटीसाठी वेगळा अर्ज करता येतो. तो करा, खावटी चालू ठेवा.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तरी अडत नाही. बायका आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करा, किंवा 15100 या नंबरवर फोन करा. जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या पावत्या आणि नवऱ्याचा मुंबईचा पत्ता तेवढा बरोबर न्या. पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि महिने वाया जातात.

नमस्कार.